सायकल सगळ्यांची, जबाबदारी कोणाची?

एखाद्या शहराने हजार सायकली रस्त्यावर आणायचे मनावर घेतले, तर ते काम काही महिन्यांत होते. निविदा निघते, नाव ठरते, रंग ठरतो, महापौर फीत कापतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. योजनेची परीक्षा त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सुरू होते. गाडीतून उतरलेला माणूस घाईघाईने थांब्यावर येतो, तेव्हा तिथे सायकल उभी आहे का? चाकांत हवा आहे का? ब्रेक लागतात का? आणि कचेरीजवळच्या थांब्यावर ती लावायला मोकळी जागा आहे का? या चार प्रश्नांना रोज ‘हो’ असे उत्तर मिळत गेले, तर हळूहळू तो त्या सायकलच्या भरवशावर घरातून निघू लागतो. दोन-तीनदा ‘नाही’ मिळाले, की पुन्हा त्या थांब्याकडे फिरकत नाही. मग पाचवा प्रश्न उरतो : ‘नाही’ का झाले, याचा जाब त्याने कोणाला विचारायचा?

जगभरच्या सार्वजनिक सायकल योजनांवरचे हे पुस्तक या पाचव्या प्रश्नाभोवती उभे आहे. गेल्या साठ वर्षांत शेकडो शहरांनी हा प्रयोग करून पाहिला. काही शहरांत ती सायकल बसइतकीच अंगवळणी पडली. काही शहरांत गंजलेले थांबे तेवढे मागे राहिले. दोन्ही प्रकारची शहरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की एक गोष्ट स्पष्ट होते. सायकलची घडण, कुलपाचे तंत्र, मोबाइलवरचे ॲप यांना महत्त्व आहेच. पण योजना जगणार की मरणार, हे ती चालती ठेवायला कोण बांधील आहे, यावर ठरते.

मराठी वाचकाला भाड्याची सायकल नवी नाही. मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावापर्यंत सायकलची दुकाने तासाच्या हिशोबाने सायकल देत. मडगार्डवर रंगाने दुकानाचे नाव आणि नंबर घातलेला असे. दुकानदार वहीत नाव, नंबर आणि वेळ लिहून घेई. पोरगा कोणाचा हे त्याला ठाऊक असे. नसेल तर ओळखीचे कोणी सोबत आणावे लागे. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, चेनला तेल देणे, रात्री सायकली मोजून आत घेणे, ही सगळी कामे एकाच माणसाच्या अंगावर होती. सार्वजनिक योजनेतही हीच कामे असतात. फरक दोनच. सायकल जिथून घेतली तिथेच परत आणावी लागत नाही आणि देणारा-घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. या दोन सवलतींमुळे ही सोय हजारो लोकांच्या रोजच्या प्रवासाला पुरी पडते. ती बिघडते तीही याच दोन सवलतींमुळे.

पहिला प्रयोग ॲमस्टरडॅमचा. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथल्या ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवून दिल्या. कल्पना लुड स्खिमेलपेनिंक यांची. शहराच्या जुन्या भागातून मोटारी बाहेर काढाव्यात आणि नगरपालिकेने दरवर्षी २०,००० पांढऱ्या सायकली घेऊन त्या सर्वांना फुकट वापरू द्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. पोलिसांनी त्या सायकली उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर सोडणे तिथल्या नियमात बसत नव्हते. पुढे स्खिमेलपेनिंक नगरसभेवर निवडून गेले आणि त्यांनी तिथेही हा विचार मांडला. सभेने तो नाकारला. पांढऱ्या सायकली चोरांनी पळवल्या म्हणून तो प्रयोग फसला, असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की शहराने त्या सायकली कधी आपल्या मानल्याच नाहीत. याउलट फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावात १९७० च्या दशकात महापौर मिशेल क्रेपो यांनी पिवळ्या सायकली आणल्या. तिथे पाठीशी नगरपालिका उभी होती आणि ती सेवा रूपे बदलत टिकली.

कोपनहेगनने १९९५ मध्ये नाण्याचा उपाय काढला. २० क्रोनरचे नाणे खाचेत घातले की साखळी सुटे. सायकल परत लावली की नाणे हातात पडे. सायकल मुद्दाम वेगळ्या घडणीची केली होती. टायर भरीव, सुटे भाग दुसऱ्या कुठल्याही सायकलला न बसणारे आणि हँडलवर शहराचा नकाशा. तरीही सायकली जात राहिल्या, कारण नाणे टाकणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नसे. २०१२ मध्ये ती योजना बंद झाली. नावाची नोंद आली ती कार्डाबरोबर. १९९६ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात चुंबकीय कार्डावर सायकल मिळू लागली आणि १९९८ मध्ये फ्रान्सच्या रेन शहराने कार्डाची पद्धत शहरभर नेली. दुकानदाराची वही संगणकात आली. कोणती सायकल कोणाकडे आहे, हे आता सांगता येत होते. ती सायकल नीट आहे की नाही हे पाहणारा माणूस मात्र अजून ठरायचा होता.

लियोंने मे २००५ मध्ये ‘वेलोव्ह’ सुरू केली आणि १५ जुलै २००७ रोजी पॅरिसमध्ये ‘वेलिब’ आली. या विषयावर बोलणारा कोणीही पॅरिसला टाळून पुढे जाऊ शकत नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. महापौर बर्ट्रां दलानोए यांच्या प्रशासनाने सायकली थोड्याथोड्या आणल्या नाहीत. सुरुवातच हजारो सायकलींनी केली आणि तो आकडा पुढे २०,००० च्या घरात नेला. साधारण दर ३०० मीटरवर एक थांबा. पहिला अर्धा तास फुकट, दुसऱ्या अर्ध्या तासाला एक युरो, तिसऱ्याला दोन, त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला चार. या चढत्या दरामागे साधा हिशोब होता. सायकल दिवसभर एकाच माणसाकडे अडकून राहू नये, काम झाले की त्याने ती सोडावी आणि दुसऱ्याने उचलावी. सायकलही तशीच घडवलेली होती. मधला दांडा नाही, त्यामुळे झगा घातलेली बाई किंवा वयस्कर माणूस पाय उंच न टाकता बसू शकतो. सीटची उंची हाताने कमी-जास्त करता येते, पुढे सामानाची टोपली, तारा आणि चेन झाकलेली. वजन सुमारे २२ किलो. वेग कमी, पण धक्के सोसण्याची ताकद मोठी. पहिल्या वर्षातच दोन कोटींहून अधिक फेऱ्या झाल्या.

पॅरिसमध्ये लोकांनी आपापसांत रुजवलेली एक खूण पाहण्यासारखी आहे. एखाद्या सायकलचे पेडल सुटलेले असेल, चाकात हवा नसेल, ब्रेक लागत नसेल, तर ती परत लावणारा माणूस तिची सीट फिरवून मागे तोंड करून ठेवतो. पुढच्याला लांबूनच कळते की ही घेऊ नको. सराईत माणूस थांब्यावर आला, की आधी उलट्या सीटा वगळतो, मग उरलेल्यांपैकी एकीचा टायर अंगठ्याने दाबतो, ब्रेक आवळून पाहतो, पेडल उलटे फिरवून चेन अडकत नाही ना ते बघतो आणि मगच कार्ड लावतो. थांब्यावर उलट्या सीटा वाढत गेल्या, तर दुरुस्तीवाला बरेच दिवस फिरकलेला नाही, हे सांगायला कोणताही अहवाल लागत नाही. जागरूक नागरिक सीट फिरवू शकतो. नवे पेडल बसवणारा हात मात्र यंत्रणेनेच पुरवावा लागतो.

पॅरिसची यंत्रणा जाहिरातीवर बेतलेली होती. जेसीदको या कंपनीने सायकली, थांबे आणि दुरुस्ती सांभाळायची. बदल्यात शहरातल्या सोळाशेहून अधिक जाहिरातफलकांचा धंदा तिच्याकडे. वापरणाऱ्यांनी भरलेले पैसे शहराच्या तिजोरीत जात. नगरपालिकेला वेगळा खर्च न करता योजना मिळाली, म्हणून जगभरच्या महापौरांनी या कराराची वाखाणणी केली. पण यात एक गाठ होती. लोक जितकी जास्त सायकल चालवतील, तितकी दुरुस्ती वाढणार, आणि कंपनीची कमाई तर फलकांतून ठरलेली. पहिल्या दोन वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या, हजारो मोडल्या गेल्या. अखेर करार बदलून त्या नुकसानीचा वाटा शहराला उचलावा लागला. फुकट वाटलेली सेवा फुकट नव्हती. तिचे बिल उशिरा आले, इतकेच. पुढे जानेवारी २०१८ मध्ये योजना नव्या कंत्राटदाराकडे गेली. जुने थांबे उखडून नवे बसवायचे होते. ठरल्या दिवशी त्यांतले थोडेच तयार होते, अनेकांना वीजजोडणी मिळालेली नव्हती, आणि दहा वर्षे रोज सायकलने जाणारे लोक कित्येक महिने हाल सोसत राहिले. सायकली आणणे आणि त्या चालत्या ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा धडा ज्या शहराने जगाला योजना शिकवली त्यालाच पुन्हा गिरवावा लागला.

सायकल कोणत्याही थांब्यावर सोडता येते, या सोयीची दुसरी बाजू इथेच सांगायला हवी. माणसे सकाळी वस्तीतून कचेऱ्यांकडे जातात, तशाच सायकलीही जातात. दहा वाजता वस्तीतले थांबे रिकामे पडतात आणि कचेऱ्यांजवळ सायकल लावायला एक खांब मोकळा राहत नाही. चढाच्या जागी तर आणखी पंचाईत. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवरून लोक सायकलने खाली उतरत आणि वर जाताना मेट्रोने जात. वरचे थांबे कायम ओस. यावर शहराने टेकडीवरच्या थांब्यांना वेगळा दर्जा दिला. तिथे सायकल नेऊन लावणाऱ्याला पुढच्या फेरीसाठी वाढीव मिनिटे मिळू लागली. न्यूयॉर्कने भरलेल्या थांब्यावरची सायकल रिकाम्या थांब्यावर नेणाऱ्या सभासदांना गुण आणि बक्षिसे द्यायला सुरुवात केली. तरी मुख्य भार असतो तो पहाटे आणि रात्री ट्रक घेऊन फिरणाऱ्या कामगारांवर. सायकली उचलायच्या, मोजायच्या, लावायच्या, बिघडलेल्या बाजूला काढायच्या. योजनेच्या खर्चातला मोठा भाग या न दिसणाऱ्या कष्टाचा असतो आणि अंदाजपत्रकात नेमकी तिथेच काटछाट होते.

चीनमधल्या हांगचौ शहराने मे २००८ मध्ये वेगळी वाट धरली. तिथली योजना शहराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनेच चालवायला घेतली. बससाठी वापरतात तेच कार्ड सायकलला. पहिला तास फुकट. बसथांबा आणि सायकलथांबा जवळजवळ, कारण दोन्हींचा मालक एकच. सायकलींची संख्या पुढे ६०,००० च्या पुढे गेली आणि तेव्हा ती जगातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक होती. तैपेईची कहाणी आणखी बोलकी आहे. तिथे ‘यूबाइक’ २००९ मध्ये शहराच्या एका भागात, ११ थांब्यांवर, प्रयोग म्हणून सुरू झाली. ‘जायंट’ या सायकल कंपनीने ती चालवली. थांबे मोजके, त्यामुळे कुठे जायचे म्हटले तर सायकल सोडायला जागा नाही. पैसे भरायला क्रेडिट कार्ड हवे. लोक आले नाहीत. वापराचा आकडा दाखवून योजना गुंडाळता आली असती. तैपेईने उलट केले. २०१२ पासून थांबे वाढवले, मेट्रो आणि बसचे कार्ड सायकललाही चालू केले आणि पहिला अर्धा तास शहराच्या खर्चाने फुकट ठेवला. सायकलींचा वापर झपाट्याने वाढला. सवय पक्की झाल्यावर, २०१५ मध्ये, त्या अर्ध्या तासाला ५ तैवानी डॉलर एवढे नाममात्र भाडे लावले. लहान प्रयोग फसला म्हणजे कल्पना फसली, असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येक प्रशासकाने तैपेईचे प्रकरण आधी वाचावे.

त्याच चीनमध्ये काही वर्षांनी याच्या अगदी उलट प्रकार घडला. २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘ओफो’ काढली, २०१६ मध्ये शांघायमध्ये ‘मोबाइक’ रस्त्यावर आली. थांबा नाही, खांब नाही. मोबाइलने चौकोनी खूण टिपली की कुलूप उघडते, आणि काम झाले की सायकल कुठेही सोडून जायची. तंत्र म्हणून ही झेप खरोखरच मोठी होती. गुंतवणूकदारांनी पैसा ओतला आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी रस्ता व्यापण्यासाठी कंपन्या सायकलींचे ढीग लावत गेल्या. चीनच्या परिवहन मंत्रालयाच्या हिशोबाने २०१८ च्या सुरुवातीपर्यंत ७७ कंपन्यांनी २ कोटी ३० लाख सायकली रस्त्यांवर आणल्या होत्या. पदपथांवरून चालणे मुश्कील झाले. महापालिकांनी उचलून नेलेल्या सायकलींचे पिवळे, केशरी, निळे डोंगर शियामेन, हांगचौ, शांघायच्या बाहेर उभे राहिले. वरून काढलेली त्यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. ओफोने सभासदांकडून ९९, पुढे १९९ युआन अनामत घेतली होती. डिसेंबर २०१८ मध्ये ती परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. सायकल कोणी द्यायची, याचे उत्तर या कंपन्यांकडे होते. ती मोडली, साचली, वाटेत आडवी पडली तर कोणी उचलायची, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ते काम शेवटी नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या गळ्यात पडले. त्यानंतर शहरांनी सायकलींच्या संख्येला मर्यादा घातली, उभ्या करायच्या जागा आखून दिल्या, आणि बिनथांब्याची सायकल आज तिथे चालते ती या नियमांच्या चौकटीत.

पश्चिमेत हाच जबाबदारीचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. माँट्रियलने २००९ मध्ये ‘बिक्सी’ सुरू केली. तिथल्या थांब्याला रस्ता खोदावा लागत नसे, वीज सौर पट्टीवरून मिळे, आणि हिवाळ्यात बर्फ पडण्याआधी सगळा थांबा उचलून नेता येई. ही घडण इतकी यशस्वी ठरली, की लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, मेलबर्न अशा अनेक शहरांनी ती घेतली. पण परदेशांतल्या व्यवहारांचे कर्ज अंगावर येऊन चालवणारी संस्था जानेवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. माँट्रियल शहराने त्या क्षणी सायकली वाऱ्यावर सोडल्या नाहीत. मालमत्ता स्वतःकडे घेतली, परदेशी धंदा वेगळा काढला, शहरापुरती ना-नफा संस्था उभी केली, आणि त्याच वसंतात सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या.

पश्चिमेत आणखी एक मार्ग निघाला तो प्रायोजकाचा, आणि लंडन आणि मिनियापोलिस ही जोडी त्या अंगाने पाहावी. लंडनची योजना जुलै २०१० मध्ये बार्कलेज बँकेच्या नावाने सुरू झाली. २०१५ मध्ये ती बँक गेली, सँटँडर आली. सायकलींचा रंग बदलला, सेवा खंडली नाही, कारण मालकी शहराच्या वाहतूक संस्थेकडे होती आणि बँक केवळ नाव लावत होती. मिनियापोलिसमध्येही २०१० मध्येच सुरू झालेली ‘नाइस राइड’ प्रायोजकाने हात काढून घेतल्यावर २०२३ मध्ये बंद पडली. न्यूयॉर्कची ‘सिटी बाइक’ मे २०१३ मध्ये सुरू झाली ती करदात्यांचा पैसा न वापरता, सिटी बँकेच्या ४ कोटी १० लाख डॉलरांच्या आधारावर. आज ती जगातल्या सर्वांत गजबजलेल्या योजनांपैकी आहे. पण वार्षिक वर्गणी ९५ डॉलरवरून दहा वर्षांत २०० च्या पुढे गेली, आणि ब्रॉन्क्समधल्या गरीब वस्त्यांना पहिला थांबा मिळायला २०२० उजाडले. सरकारी घरांत राहणाऱ्यांना सवलतीची वर्गणी आहे, ही चांगली गोष्ट. तरीही जिथे भाड्यातूनच खर्च निघायला हवा, तिथे थांबे आधी कुठे लागतात, हे सांगायला नको.

रस्ता आणि कायदा यांचाही इथे मोठा हात आहे. मेलबर्नची योजना २०१० मध्ये सुरू झाली. तिथे सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती. घरून निघताना ज्याने सायकल घ्यायचे ठरवलेलेही नाही, तो हेल्मेट कुठून आणणार? दुकानांत स्वस्त हेल्मेट विकून पाहिली, सायकलींना अडकवून ठेवून पाहिली. वापर कधी वाढलाच नाही आणि २०१९ मध्ये योजना संपली. स्पेनमधल्या सेविया शहराने २००७ मध्ये ‘सेविसी’ आणली, ती मात्र एकटी आणली नाही. त्याच सुमारास शहराने मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले, एकमेकांना जोडलेले सुमारे ८० किलोमीटरचे सायकलमार्ग बांधून काढले. त्याआधी जिथे सायकल क्वचित दिसे, तिथे शाळकरी मुले आणि आजीआजोबा सायकलवर निघाले. सुरक्षित रस्ता नसेल, तर उत्तमातली उत्तम सायकलही धाडसी तरुणांपुरतीच राहते.

या योजनांविषयीचे माझे प्रेम मी लपवत नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी जादा दावे करू नयेत, असे मला वाटते. सार्वजनिक सायकल आली की मोटारी कमी होतात, हे दर वेळी खरे ठरत नाही. बहुतेक शहरांत ती घेणारा माणूस आधी पायी जात होता किंवा बसने. लंडनविषयीच्या एका अभ्यासात तर सायकली इकडून तिकडे वाहणाऱ्या ट्रकांची धाव, कमी झालेल्या मोटारींच्या धावेपेक्षा जास्त भरली. तरीही ही सेवा हवी. गर्दीच्या बसमधला एक जण कमी होतो, घर ते स्थानक हे अंतर पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांचे होते, आणि ज्याला सायकल ठेवायला घरात जागा नाही त्यालाही सायकल मिळते. चोरी, पंक्चर, पार्किंग यांची धास्ती त्याच्या डोक्यावरून उतरते. एवढे फायदे पुरेसे आहेत.

आपल्याकडे हे प्रयोग झालेले आहेत. २०१० च्या सुमारास मुलुंडमध्ये स्थानक आणि महाविद्यालय यांच्यामध्ये ‘सायकल चलाओ’ हा तरुणांचा उपक्रम सुरू झाला होता. जून २०१७ मध्ये म्हैसूरमध्ये ‘ट्रिन ट्रिन’ आली : सुमारे ४५० सायकली, ४८ थांबे, कार्ड आणि मागे सार्वजनिक निधी. त्याच वर्षी भोपाळमध्ये ५०० सायकलींची योजना सुरू झाली. पुण्यात २०१७ च्या अखेरीस महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात आणि औंध परिसरात बिनथांब्याच्या सायकली दिसू लागल्या, आणि २०१८ मध्ये चीनमधल्या मोठ्या कंपन्याही शहरात उतरल्या. सायकली पटापट रस्त्यावर आल्या, तरुणांनी त्या उत्साहाने वापरल्या. मग कुलपे तुटली, काही सायकली इमारतींच्या जिन्याखाली गेल्या, काही नदीपात्रात सापडल्या. कंपन्यांचे दूरदेशीचे पैसे आटले आणि एकामागून एक त्या निघून गेल्या. पुणेकरांना शिस्त नाही, असे म्हणून हा विषय संपवण्याची प्रथा आहे. ते मला पटत नाही. पॅरिसच्याही हजारो सायकली गेल्या होत्या. फरक असा की पॅरिसमध्ये गेलेल्या सायकलीच्या जागी दुसरी आणून ठेवायला कोणीतरी करारानेच बांधलेले होते. पुण्यात तसे कोणी नव्हते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात मागणी नव्हती, असे तर कोणी म्हणणार नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात ॲमस्टरडॅमपासून रेनपर्यंतचा इतिहास येतो. दुसऱ्यात पॅरिस, हांगचौ, तैपेई, माँट्रियल, न्यूयॉर्क आणि सेविया या शहरांची स्वतंत्र प्रकरणे. तिसऱ्यात बंद पडलेल्या योजना, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखे सर्वाधिक आहे. आणि शेवटच्या भागात थांबे, दर, दुरुस्ती आणि करार यांचा व्यवहारी विचार. वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात आज काही अनुभवसिद्ध ठोकताळे रूढ आहेत. दर चौरस किलोमीटरला १० ते १६ थांबे, सायकलींच्या दुपटीहून अधिक खांब, आणि प्रत्येक सायकलच्या दिवसाला निदान ४ फेऱ्या. हे आकडे नगरसेवकांना, अभियंत्यांना आणि जागरूक नागरिकांना हाताशी असावेत, म्हणून ते सोप्या भाषेत मांडले आहेत. दोन थांब्यांमधले अंतर अर्ध्या किलोमीटरहून जास्त असलेला आराखडा समोर आला, तर वाचकाने तिथेच हात वर करून प्रश्न विचारावा.

महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात पुढची सायकल योजना जाहीर होईल, तेव्हा सायकलींचा आकडा ऐकून आपण समाधान मानू नये, एवढीच या पुस्तकामागची अपेक्षा आहे. दुरुस्तीसाठी दरवर्षी किती रक्कम राखून ठेवली आहे, ते विचारा. रिकामा थांबा किती वेळात भरायचा, असे करारात लिहिले आहे का आणि न भरल्यास दंड किती, ते विचारा. कंत्राटदार निघून गेला तर सायकलींची मालकी कोणाची, ते विचारा. बसचे तिकीट आणि सायकलचे भाडे एकाच कार्डावर का नाही, ते विचारा. नळाला पाणी आले नाही तर आपण महापालिकेला जाब विचारतो. थांब्यावर सायकल नसेल, तर तोच जाब तिथेच विचारला गेला पाहिजे. ज्या शहरांत हा प्रश्न विचारणारे नागरिक आणि त्याचे उत्तर द्यायला बांधलेली संस्था, दोन्ही होती, त्याच शहरांत सार्वजनिक सायकल टिकली आहे.